जुळणाऱ्या हाडाची मोजदाद

गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागातली कूर्चा झिजली, पाय गुडघ्यातून बाहेरच्या अंगाला वाकू लागला आणि माणूस अजून साठीच्या बराच अलीकडे असला, तर सांधा बदलण्याऐवजी एक जुना, धाडसी उपाय सुचवला जातो. नडगीच्या हाडाला गुडघ्याच्या जरा खाली, आतल्या बाजूनं करवत लावायची. हाड आरपार कापायचं नाही. बाहेरच्या कडेला सेंटिमीटरभर भाग राखायचा, तो बिजागरीचं काम करतो. मग छिन्न्या सरकवत सरकवत फट ठरलेल्या अंशापर्यंत उघडायची आणि प्लेट-स्क्रूनं तशीच धरून ठेवायची. पाय सरळ होतो, शरीराचा भार झिजलेल्या अर्ध्याकडून शाबूत अर्ध्याकडे सरकतो. डॉक्टर याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात, रोजच्या बोलण्यात एचटीओ.

अपघातात हाड मोडतं तेव्हा किती चुरा झाला, आसपासचं मांस किती फाटलं, रक्तपुरवठा कितपत टिकला हे नीट कळत नाही. इथं हाड शल्यचिकित्सकानं स्वतःच्या हातानं तोडलेलं असतं. तोडल्याची वेळ नोंदलेली असते, फट किती मिलिमीटरची तेही ठाऊक असतं, दोन्हीकडचं हाड निरोगी असतं. हाड कसं जुळतं हे मोजायला याहून स्वच्छ उदाहरण मानवी शरीरात क्वचितच मिळेल. तरीही सहा आठवड्यांनी ओपीडीत रुग्ण दोन प्रश्न विचारतो, हाड जुळलं का आणि पायावर पूर्ण वजन कधी टाकू, तेव्हा एक्स-रे समोर धरून दिलेलं उत्तर बरंचसं अनुभवावर उभं असतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण फोटोत शोधतो. दुसरा प्रश्न ताकदीचा आहे, आणि फोटोत ताकद दिसत नाही, कॅल्शियमची सावली दिसते. गेली सव्वाशे वर्षं वैद्यक या सावलीवरून त्या ताकदीपर्यंत पोचायची वाट शोधतं आहे.

फोटो नव्हता तेव्हा काय होतं, हे आधी पाहायला हवं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नावर, म्हणजे अस्थिभंगावर, स्वतंत्र अध्याय आहे. वयानुसार हाड जुळायला किती काळ लागतो त्याचा हिशोब तिथं दिला आहे: लहान वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. आणि हाड नीट जुळलं हे ओळखायचं कसं, याच्या कसोट्याही आहेत. अंग आखूड झालेलं नसावं, जागा वेडीवाकडी वा फुगलेली नसावी, हालचाल सुखानं व्हावी. मला या यादीचं फार महत्त्व वाटतं. यातली प्रत्येक कसोटी अवयवाच्या कामाशी निगडित आहे. आत काय घडलं असेल याचा अंदाज बांधण्यापेक्षा तो पाय आता पाय म्हणून चालतो का, एवढंच पाहिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातला युरोपीय शल्यचिकित्सकही याहून फार वेगळं करत नव्हता. तो मोडलेल्या जागी दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहायचा, हाड हलतंय का ते बोटांना कळायचं, दाबल्यावर दुखतंय का ते रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसायचं.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला ते अनोळखी किरण सापडले. डिसेंबरात त्यानं पत्नीच्या हाताचा फोटो घेतला, वर्ष संपायच्या आत निबंध सादर केला, आणि शोधाचं पेटंट घ्यायचं त्यानं नाकारलं. त्या नकारामुळं हे तंत्र काही आठवड्यांत जगभर पोचलं. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात गिलमन फ्रॉस्ट या डॉक्टरनं आणि एडविन फ्रॉस्ट या त्याच्या खगोलशास्त्रज्ञ भावानं एका शाळकरी मुलाच्या मोडलेल्या मनगटाचा फोटो काढला. प्लेट वीसेक मिनिटं किरणांसमोर ठेवावी लागली होती. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी क्ष-किरणांचं यंत्र वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत नेलं आणि जखमी सैनिकांच्या अंगात रुतलेल्या गोळ्या शोधल्या. गोळी नेमकी किती खोल आहे हे एका सपाट फोटोत कळत नाही. लंडनमध्ये जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसन यांनी १८९८च्या सुमारास त्यावर तोड काढली: नळी थोडी सरकवून दोन जागांवरून दोन फोटो घ्यायचे आणि भूमितीनं खोली काढायची. ही युक्ती लक्षात ठेवावी. पाऊणशे वर्षांनी ती गुडघ्यात परत येते.

त्या काळातल्या डॉक्टरांची नजर हाडाकडे रचना म्हणून पाहायला आधीच तयार झाली होती. १८६६ साली झुरिकमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मेयर यानं मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद दाखवला. त्यातल्या जाळीदार हाडाच्या रेषा पाहून कार्ल कुलमान हा अभियंता चमकला. क्रेनच्या बाहूत भार ज्या रेषांनी वाहतो, तशाच त्या रेषा त्याला दिसल्या. १८९२ साली बर्लिनच्या युलियुस वोल्फनं त्यावरून आपला नियम मांडला: हाडावर भार जसा पडतो, तशी त्याची आतली घडण बदलत जाते. तीन वर्षांनी जिवंत माणसाचं हाड न कापता दिसू लागलं, तेव्हा वोल्फच्या नियमाला जणू पुरावे गोळा करण्याचं साधन मिळालं. जुळणाऱ्या हाडाभोवती दिसणारा पांढुरका फुगवटा, म्हणजे कॅलस, हे जुळण्याचं चिन्ह ठरलं. कॅलस दिसला की प्लॅस्टर काढायचं, नाही दिसला की थांबायचं. पुढची पन्नासेक वर्षं हाच रिवाज राहिला.

त्याला धक्का बसला तो १९४९ साली. ब्रुसेल्सचे रॉबेर दानिस यांनी मोडलेले तुकडे प्लेटनं एकमेकांवर घट्ट दाबून बसवले आणि त्यांच्या फोटोंत कॅलस आलाच नाही. फ्रॅक्चरची रेघ हळूहळू पुसट होत गेली आणि नाहीशी झाली. हाड जुळलं होतं, पण ज्या खुणेची सगळे वाट पाहत होते ती खूण न दाखवता. दानिस यांना भेटून आलेले स्विस शल्यचिकित्सक मॉरिस म्युलर यांनी सहकाऱ्यांसह १९५८ साली एओ हा गट उभा केला आणि घट्ट जोडणीची पद्धत जगभर नेली. आता अर्थ उलटा झाला. प्लेट बसवल्यावर कॅलस दिसला तर ती काळजीची गोष्ट मानली जाऊ लागली, कारण प्लेट हलतेय असं त्यातून सूचित व्हायचं. एकच पांढरी सावली, पण हाड कसं धरलं आहे त्यानुसार तिचा अर्थ चांगला किंवा वाईट. १९७०च्या दशकात दावोसच्या प्रयोगशाळेत स्टेफन पेरेन यांनी त्यामागचं यंत्रशास्त्र मांडलं. फटीतली कोवळी ऊती मूळ लांबीच्या दुपटीपर्यंत ताणली तरी तुटत नाही. कठीण हाड मात्र दोन टक्के ताणलं तरी तुटतं. म्हणून फटीतली हालचाल जसजशी कमी होते, तसतशी आधी कूर्चेसारखी आणि मग हाडाची ऊती तिथं टिकू शकते. फोटोत दिसणारी प्रत्येक अवस्था हे त्या हालचालीचं उत्तर असतं. हे कळल्यावर फोटो वाचणाऱ्याला आधी विचारावं लागतं की हे हाड कशानं धरलं होतं.

गुडघ्याच्या बाबतीत याच काळात एक प्रयोग झाला, तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग वाटतो. पुढे कृत्रिम खुब्यासाठी जगप्रसिद्ध झालेले मँचेस्टरचे जॉन चार्नली १९४८च्या सुमारास क्षयानं वा संधिवातानं निकामी झालेले गुडघे कायमचे जखडून टाकत होते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं सपाट कापायची, एकमेकांवर ठेवायची, दोन्हींतून आडव्या सळया घालून बाहेरून क्लॅम्पनं आवळायचं. गुडघ्याजवळचं हाड आतून जाळीदार असतं, आणि दाबाखाली ते चार आठवड्यांच्या आसपास पक्कं धरतं असं त्यांच्या हाताला जाणवलं. पण हाताच्या जाणिवेवर किंवा फोटोवर ते थांबले नाहीत. सळया काढताना जोडाच्या जागेचे छोटे तुकडे काढून त्यांनी विकृतिशास्त्रज्ञ बेकर यांच्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९५२ साली दोघांचा निबंध आला. जोडाच्या जागेत नेमकं काय तयार होतं हे त्यात ऊतीच्या पातळीवर दाखवलं होतं. सावलीचा अर्थ पक्का करायचा तर कधीतरी सावलीखालची वस्तू उघडून पाहावी लागते, हे चार्नलींनी आपल्या कामातून दाखवलं.

जाळीदार हाड लवकर जुळतं, या जाणिवेतूनच एचटीओनं आजची जागा घेतली. इंग्लंडमध्ये जे. पी. जॅक्सन यांनी १९५८ साली आणि नंतर वॉ यांच्यासह १९६१ साली गुडघ्याच्या झिजेवर नडगीचं हाड कापण्याचा उपाय मांडला, तेव्हा काप गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या खालून जायचा. माँट्रियलचे गारिएपी आणि नंतर मेयो क्लिनिकचे मार्क कॉव्हेंट्री यांनी तो वर, उंचवट्याच्या वरच्या जाळीदार भागात नेला. कॉव्हेंट्री यांचा १९६५चा निबंध पाठ्यपुस्तकांत गेला. त्यांच्या पद्धतीत बाहेरच्या बाजूनं हाडाची पाचर काढून टाकायची आणि दोन पृष्ठं मिटवायची. दोन जाळीदार पृष्ठं एकमेकांवर टेकली की जुळणं जवळपास ठरलेलं असायचं, म्हणून फोटोकडे बारकाईनं पाहायची फारशी गरज पडत नव्हती. पुढे शल्यचिकित्सक उलट दिशेनं गेले. पाचर काढण्याऐवजी आतल्या बाजूनं फट उघडायची, म्हणजे पायाच्या बाहेरच्या हाडाला आणि त्याच्याजवळच्या नसेला हात लावावा लागत नाही, आणि अंशांचा हिशोब शस्त्रक्रिया चालू असतानाच जुळवता येतो. लॉकिंग प्लेट आल्यावर, २०००नंतर, ही पद्धत जोरात पसरली. पण आता एक खरी पोकळी तयार झाली. ती भरली का हे फोटोत पाहणं सक्तीचं झालं, आणि जुना प्रश्न नव्यानं उभा राहिला.

दरम्यान त्या प्रश्नावर दुसरीकडे काम झालं होतं. १९८५ हे वर्ष या वंशावळीत मोलाचं आहे. स्वीडनमध्ये हॅमर आणि सहकाऱ्यांनी नडगीच्या फ्रॅक्चरचे फोटो आणि त्याच हाडांची यांत्रिक स्थिरता समोरासमोर ठेवली. साध्या फोटोवरून स्थिरता सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. डोळ्यांना जुळलेलं दिसणारं हाड वाकत होतं, आणि फट दिसत असूनही काही हाडं भक्कम होती. त्याच वर्षी येल विद्यापीठात भारतात जन्मलेले मनोहर पंजाबी यांनी सशांच्या नडगीची हाडं कापून, जुळू देऊन, त्यांचे फोटो काढून, शेवटी ती हाडं यंत्रात पिळून तोडली. मग फोटोतल्या कुठल्या खुणेचं प्रत्यक्ष ताकदीशी किती नातं आहे, हे संख्याशास्त्रानं तपासलं. ज्याकडे डॉक्टर सर्वांत आधी बघत आले होते, तो कॅलसचा आकार, ताकदीशी सर्वांत कमी जुळला. सर्वांत जास्त जुळली ती बाहेरच्या कठीण कवचाची सलगता, म्हणजे कडेची पांढरी रेघ फटीवरून अखंड जाते का, ही खूण.

या निष्कर्षाचे वारस थेट आजच्या ओपीडीत सापडतात. टोरांटोच्या डॅनियल व्हेलन आणि सहकाऱ्यांनी २०१०च्या सुमारास नडगीच्या फ्रॅक्चरसाठी रस्ट नावाची गुणपद्धती मांडली. समोरून आणि बाजूनं असे दोन फोटो घ्यायचे. त्यांत हाडाच्या चार कडा दिसतात. प्रत्येक कडेला गुण द्यायचे: कॅलस नाही आणि रेघ स्पष्ट असेल तर १, कॅलस आहे पण रेघही आहे तर २, कॅलसनं पूल बांधला आणि रेघ गेली तर ३. बेरीज ४ पासून १२ पर्यंत. या पद्धतीचं मोठं यश म्हणजे दोन डॉक्टरांचं मत एकमेकांशी जुळू लागलं. याआधी एकाच फोटोवर एक जण जुळलं म्हणायचा, दुसरा अजून नाही म्हणायचा, आणि दोघंही अनुभवी असायचे. आता निदान कशाकडे बघायचं यावर एकमत झालं. आधी या मुक्कामाला पोचावं लागतं, नाहीतर मोजण्याला अर्थ राहत नाही.

एचटीओच्या फटीला मात्र रस्ट जसंच्या तसं लागू होत नाही. इथं नळीसारखं कवच नसतं, पाचरीच्या आकाराची पोकळी असते. ती बाहेरच्या बिजागरीकडून भरायला लागते आणि आतल्या रुंद तोंडाकडे सरकत जाते. म्हणून फटीचे बाहेरून आत असे पट्टे पाडायचे आणि नवं हाड कितव्या पट्ट्यापर्यंत पोचलं ते नोंदवायचं, अशी मोजणी युरोपात रूढ झाली. ती सोपी आहे आणि उपयोगी आहे. पण तिच्या वाटेत दोन अडथळे आहेत. फट सर्वांत शेवटी भरते ती आतल्या कडेला, आणि धातूची प्लेट बसते तीही त्याच बाजूला. नेमकी जी जागा पाहायची तिथंच धातू आड येतो. दुसरा अडथळा फसवा आहे. मोठी फट भरायला काही शल्यचिकित्सक ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखं कृत्रिम भरण वापरतात. ते मुळातच कॅल्शियमचं असल्यामुळं पहिल्या दिवसापासून फोटोत पांढरं दिसतं. रुग्ण फोटो पाहून समाधान पावतो, घरचे म्हणतात हाड भरून आलं, आणि तिथं अजून हाडाची एक पेशीही तयार झालेली नसते. भरणाच्या कडा धूसर होत शेजारच्या हाडात मिसळताहेत का, हे पाहायला सराईत नजर लागते.

सावलीची ही मर्यादा ओलांडण्याचा सर्वांत देखणा मार्ग स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सापडला, आणि तो शोधणारा हाडाच्या जुळण्याकडे पाहत नव्हता. योरान सेल्विक हे शरीररचनाशास्त्रज्ञ. त्यांचा प्रबंध १९७४चा. टँटलम धातूचे मिलिमीटरहून लहान मणी शस्त्रक्रियेच्या वेळी हाडात आणि कृत्रिम सांध्याच्या भागात पेरायचे. टँटलम शरीराला चालतो आणि एक्स-रेत ठळक दिसतो. मग दोन नळ्यांनी दोन दिशांतून एकाच क्षणी दोन फोटो घ्यायचे. रुग्णाभोवती एक पिंजरा असतो, त्याच्या खुणा अचूक मोजलेल्या असतात, त्यामुळं प्रत्येक मण्याची जागा तीन मितींत काढता येते. सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा तेच. मणी एकमेकांच्या तुलनेत किती सरकले हे मिलिमीटरच्या दशांशापर्यंत कळतं. मॅकेन्झी डेव्हिडसन यांनी सैनिकांच्या अंगातली गोळी शोधायला वापरलेली भूमिती इथं निरोगी हाडात हेतुपूर्वक पेरलेल्या मण्यांवर चालवली गेली.

या पद्धतीनं विचारायचा प्रश्नच बदलला. हाड जुळलंय असं दिसतं का, याऐवजी दोन भाग अजून एकमेकांपासून हलताहेत का, असं विचारता आलं. हलत नसतील तर ते धरलेले आहेत, मग फोटोत काहीही दिसो. लुंडमध्येच १९७५ साली योरान बाउअर यांच्या पुढाकारानं गुडघ्याच्या सांधाबदलाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली होती, त्यामुळं कुठला सांधा किती वर्षं टिकला हे तिथं माहीत असायचं. लेइफ रीड आणि सहकाऱ्यांनी मण्यांची मोजणी रुग्णांच्या पुढच्या अनेक वर्षांच्या हकिकतीशी जोडली आणि १९९५ साली निष्कर्ष मांडला. कृत्रिम सांध्याचा नडगीतला भाग पहिल्या वर्षात थोडा सरकणं सामान्य आहे, तो बसत असतो. पण दुसऱ्या वर्षातही तो ०.२ मिलिमीटरहून अधिक सरकत राहिला, तर पुढे तो सैल होण्याचा धोका मोठा. रुग्णाला काही वर्षं काहीच जाणवत नाही, साधा फोटो ठीक दिसतो, आणि या केसाएवढ्या सरकण्यात पुढचं सगळं लिहिलेलं असतं. नवीन सांध्याची पारख करायची तर थोड्या रुग्णांत, दोन वर्षांत, हे मोजून करता येते. हजारो माणसांच्या गुडघ्यांत तो बसवून दहा वर्षं वाट पाहावी लागत नाही. रुग्णांचं केवढं दुःख यानं वाचलं असेल! पुढे नेदरलँड्समध्ये एचटीओच्या फटीच्या दोन्ही बाजूंना असेच मणी पेरून पाहिलं गेलं. लॉकिंग प्लेटनं धरलेली उघडी फट मिटवलेल्या फटीइतकीच स्थिर आढळली. फट भरायच्या कितीतरी आधी रुग्णाला पायावर वजन टाकू देण्याच्या आजच्या रिवाजामागे या मोजणीचा मोठा वाटा आहे.

ही वाट मात्र मणी पेरलेल्या मोजक्या रुग्णांपुरती राहिली. बाकीच्यांसाठी यंत्रं बदलत गेली. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरनं १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. सीटीनं एकावर एक पडणाऱ्या सावल्या वेगळ्या केल्या आणि शिवाय प्रत्येक बिंदूला आकडा दिला: पाणी ०, हवा उणे १०००, कठीण हाड हजाराच्या आसपास वा वर. आता फटीत नवं हाड किती आणि किती दाट, हे मोजता येऊ लागलं. धातूभोवती चित्र फाटतं, पण टायटॅनियमच्या प्लेटभोवती स्टीलपेक्षा कमी. त्याच १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये गोपाल सुब्रमण्यम आणि जॉन मॅकॅफी यांनी टेक्नेशियम-९९एमचं फॉस्फेट संयुग बनवलं. ते शिरेतून दिलं की जिथं हाड नव्यानं तयार होतंय तिथं साठतं. बोन स्कॅन तिथून रुळला. त्यात हाडाची लगबग दिसते, ताकद दिसत नाही. गुडघा बदलल्यावर सगळं सुरळीत असूनही वर्षभर, कधी त्याहून जास्त, ती जागा स्कॅनमध्ये उजळलेली राहते. रुग्ण घाबरतो. त्याला हे आधीच सांगायला हवं.

दुर्बिणीतून होणाऱ्या लिगामेंटच्या ऑपरेशनमध्येही हाड जुळावंच लागतं, याची पुष्कळांना कल्पना नसते. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी स्नायूची दोरी हाडातल्या बोगद्यातून ओवतात. १९९३ साली न्यूयॉर्कच्या स्कॉट रोडिओ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर दाखवलं की सुरुवातीच्या आठवड्यांत ओढलं तर दोरी बोगद्यातून निसटते; बाराव्या आठवड्यापर्यंत हाडाचे धागे तिला इतके धरतात की ती दुसरीकडेच तुटते. त्या धाग्यांची सावली साध्या एक्स-रेत पडत नाही. एमआरआयमध्ये दोरीचा रंग आणि सीटीत बोगद्याची रुंदी पाहून अंदाज बांधला जातो. खेळाडूला मैदानावर परत कधी पाठवायचं हा निर्णय आजही बराचसा काळ आणि स्नायूंची ताकद पाहून घेतला जातो.

अलीकडचं काम मला पुन्हा कुलमान आणि वोल्फ यांच्याकडे घेऊन जातं. सीटीतल्या प्रत्येक बिंदूचा आकडा म्हणजे तिथल्या हाडाचा दाटपणा, आणि दाटपणावरून त्या बिंदूचा कडकपणा अंदाजता येतो. मग संगणकात ते संपूर्ण हाड उभं करून त्याला पीळ द्यायचा आणि किती वळतं ते पाहायचं. पंजाबी यांना सशाचं हाड यंत्रात तोडावं लागलं होतं. इथं रुग्णाचं हाड अंगातच राहतं आणि संगणकातली प्रत पिळली जाते. अमेरिकेत लीहाय विद्यापीठात हॅना डेली आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली नडगीच्या फ्रॅक्चरवर कमी मात्रेच्या सीटीनं असं करून दाखवलं. ताकदीची परीक्षा याआधीही झाली होती. १९९४ साली इंग्लंडमध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी बाहेरचा फिक्सेटर तात्पुरता सोडवून हाड प्रत्यक्ष वाकवलं आणि अंशाला १५ न्यूटन-मीटर कडकपणा आला की फिक्सेटर काढायचा असं ठरवलं. मोजून काढलेल्यांत हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण स्पष्ट कमी निघालं. पण आत प्लेट असली की पाय बाहेरून वाकवून काही कळत नाही. एचटीओत प्लेट असतेच, म्हणून संगणकातल्या या परीक्षेकडून मला सर्वांत जास्त आशा आहे. प्लेट काढायचा निर्णय बहुधा वर्ष-दीड वर्षानं येतो, आणि आतल्या कडेचं हाड भार पेलेल का हे तेव्हा खरोखर कळायला हवं.

आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या हाती मात्र आज साधे एक्स-रेच असतात, सहा आठवड्यांचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा. त्यांतूनही आजच्यापेक्षा बरंच जास्त काढता येईल. गुडघा दर वेळी थोडा वेगळा वळवून, वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या केंद्रात काढलेले फोटो एकमेकांशी तुलना करण्याजोगे राहत नाहीत. पाय पाच-दहा अंश फिरला तरी फट रुंद किंवा अरुंद दिसते. तंत्रज्ञानं पहिल्या फोटोची स्थिती लिहून ठेवली आणि पुढचे फोटो त्याच स्थितीत काढले, तर पट्टे मोजणाऱ्याच्या आकड्याला अर्थ येतो. रुग्णानंही शस्त्रक्रियेनंतरचा पहिला फोटो जपावा आणि प्रत्येक खेपेला सोबत न्यावा. कृत्रिम भरण घातलं असेल तर ते त्या पाकिटावर लिहून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या गावचा डॉक्टरही पहिल्या दिवशीचा पांढरेपणा आणि सहा महिन्यांनंतरचा पांढरेपणा वेगळा ओळखू शकेल.